नियम सरकार करतं, मग विधिमंडळ काय करतं? उपविधानावरच्या देखरेखीविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उपविधान म्हणजे नेमकं काय?

कोणताही कायदा उघडा. ‘विहित करण्यात येईल अशा नमुन्यात’, ‘विहित करण्यात येईल इतकी फी’ असे शब्द दहा ठिकाणी तरी सापडतील. त्यांचा अर्थ एवढाच की तपशील सरकार नंतर ठरवेल. तो तपशील नियम, विनियम, उपविधी किंवा अधिसूचनेच्या रूपाने राजपत्रात येतो आणि कायद्याइतकाच बांधून ठेवतो. यालाच उपविधान म्हणतात. कुणी दुय्यम विधान म्हणतं, कुणी प्रत्यायोजित विधान. महाराष्ट्र विधिमंडळाच्या समितीचं नाव ‘उपविधान समिती’ आहे, म्हणून इथे तोच शब्द घेतला आहे.

उदाहरण घरासमोरच उभं आहे. गाडीला उच्च सुरक्षा नंबरप्लेट लावण्याची सक्ती १९८८च्या मोटार वाहन कायद्याच्या मजकुरात नाही. ती १९८९च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम ५० मधून येते. दंड भरताना कुणी हा फरक विचारत नाही. पण कायदा संसदेत मतदानाने मंजूर होतो आणि नियम मंत्रालयाच्या टेबलावर तयार होतो, हे या पानावर पुन:पुन्हा लागणार आहे.

मग जीआर म्हणजेही उपविधान का?

नाही. ही गल्लत आपल्याकडे फार होते. शासन निर्णय म्हणजे सरकारने आपल्या कार्यकारी अधिकारात काढलेला आदेश. त्यामागे एखाद्या कायद्याने दिलेला नियम करण्याचा अधिकार असायलाच हवा असं नाही. तो विधिमंडळाच्या पटलावर ठेवण्याची सर्वसाधारण सक्तीही नाही. कायदा किंवा नियम आणि जीआर यांत विसंगती असेल, तर जीआर मागे पडतो. व्यवहारात मात्र तालुक्याच्या कचेरीत जीआरचं वजन कायद्यापेक्षा जास्त असतं, हे मान्य.

सगळं कायद्यातच का लिहीत नाहीत?

लिहिता येणार नाही म्हणून. औषधातल्या घटकाचं प्रमाण किंवा अर्जाचा नमुना दर वेळी विधेयक आणून बदलायचा म्हटलं, तर संसद वर्षभर बसली तरी पुरणार नाही. अधिकार देण्याबद्दल वाद नाही. वाद किती द्यायचा याबद्दल आहे.

भारतात ही रेघ १९५१ साली दिल्ली कायद्यांच्या प्रकरणात आखली गेली. सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांनी वेगवेगळी मतं लिहिली. त्यांतून निघालेलं सूत्र असं: धोरण ठरवण्याचं मूळ काम विधिमंडळाने स्वतःच करायचं, तपशील दुसऱ्यावर सोपवता येतो. धोरण कुठे संपतं आणि तपशील कुठे सुरू होतो, यावर वकिलांचं पोट तेव्हापासून चाललं आहे.

‘पटलावर ठेवणे’ म्हणजे काय होतं?

कायद्याच्या शेवटी जवळपास ठरलेलं एक कलम असतं. केलेला प्रत्येक नियम, सभागृह अधिवेशनात असताना, एका किंवा लागोपाठच्या दोन वा अधिक अधिवेशनांत मिळून तीस दिवस सभागृहापुढे ठेवायचा. त्यानंतरचं अधिवेशन संपण्याआधी दोन्ही सभागृहांनी ठरवलं, तर नियमात फेरबदल होतो किंवा तो रद्द होतो. आधी त्या नियमाखाली जे घडून गेलं, ते मात्र कायम राहतं.

वाचायला हे कडक वाटतं, पण यात एक मेख आहे. सभागृहाने काहीच केलं नाही तर नियम सुखाने चालू राहतो. तो राजपत्रात आला त्याच दिवशी लागूही झालेला असतो. म्हणजे तीस दिवसांचं घड्याळ सरकारच्या मागे लागलेलं नाही, ते आमदार-खासदारांच्या मागे लागलेलं आहे. प्रस्ताव त्यांनी द्यायचा, वेळ त्यांनी मिळवायचा, बहुमतही त्यांनीच जमवायचं, आणि बहुमत तर सरकारचंच असतं. एखाद्या देशातली देखरेख खरी की नावापुरती हे ओळखायला माझ्या मते एकच प्रश्न पुरतो: कुणीच काही केलं नाही, तर नियमाचं काय होतं?

नियम पटलावर ठेवायलाच सरकार विसरलं तर? १९७९च्या ॲटलस सायकल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की नुसतं पटलावर ठेवण्याची तरतूद निर्देशात्मक आहे, तेवढ्या चुकीने अधिसूचना रद्द होत नाही.

भारतात कुणी खासदाराने नियम रद्द करण्याचा प्रस्ताव आणला आहे का?

आणला आहे, पण विरळा. सगळ्यांत लक्षात राहिलेला प्रसंग १७ मे २०१२चा. इंटरनेटवरच्या मजकुराबाबत मध्यस्थ कंपन्यांची जबाबदारी ठरवणारे २०११चे नियम रद्द करा, असा प्रस्ताव राज्यसभेत पी. राजीव यांनी मांडला. चर्चा चांगली झाली, सत्ताधारी बाकांवरही अस्वस्थता होती. मंत्री कपिल सिब्बल यांनी सर्वांशी सल्लामसलत करण्याचं आश्वासन दिलं आणि प्रस्ताव मंजूर झाला नाही. २०१३च्या मार्चमध्ये लोकसभेच्या समितीनेही या नियमांतल्या संदिग्धतेवर बोट ठेवलं.

पुढची गोष्ट मुंबईची आहे. त्या नियमांच्या जागी २०२१ साली नवे आले. २०२३च्या एप्रिलमध्ये त्यांत दुरुस्ती होऊन, केंद्र सरकारच्या कामकाजाबद्दलचा कोणता मजकूर खोटा हे सरकारनेच नेमलेल्या तथ्य तपासणी कक्षाने ठरवावं, अशी तरतूद आली. कुणाल कामरा आणि इतरांनी मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिलं. ३१ जानेवारी २०२४ला न्या. गौतम पटेल आणि न्या. नीला गोखले यांची मतं विभागली. प्रकरण तिसरे न्यायाधीश न्या. अतुल चांदूरकर यांच्याकडे गेलं आणि २० सप्टेंबर २०२४च्या त्यांच्या मताने ती दुरुस्ती रद्द ठरली. दोन्ही सभागृहांना जो अधिकार कागदावर होता, ते काम शेवटी फोर्टातल्या इमारतीत झालं.

संसदेची समिती काय करते?

१९५० साली कायदामंत्री असताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हंगामी संसदेत अशा कायम समितीची कल्पना मांडली होती. लोकसभेची समिती १ डिसेंबर १९५३ला स्थापन झाली, तेव्हा अध्यक्षांच्या आसनावर दादासाहेब मावळंकर होते. राज्यसभेची समिती १९६४ची. दोन्हींत पंधरा-पंधरा सदस्य असतात आणि मंत्र्याला सदस्य होता येत नाही.

समिती धोरण चांगलं की वाईट यात सहसा पडत नाही. मूळ कायद्याने न दिलेला कर नियमातून लावला आहे का, नियम मागच्या तारखेपासून लागू केला आहे का, कोर्टाचा दरवाजा बंद केला आहे का, राजपत्रात यायला विनाकारण उशीर झाला का, भाषा कळण्यासारखी आहे का, असे प्रश्न ती विचारते. काम किचकट आणि बिनप्रसिद्धीचं. टीव्हीवर कुणी बोलावत नाही. तिच्या शिफारशी बंधनकारक नसतात, तरी मंत्रालयाच्या सचिवाला समितीपुढे बसून उत्तरं द्यावी लागतात आणि त्यातून पुष्कळ नियम मुकाट्याने सुधारले जातात.

कायदा लागू झाल्यापासून सहा महिन्यांत नियम व्हावेत असा दंडक आहे. जमलं नाही तर या समित्यांकडून मुदतवाढ घ्यायची. नागरिकत्व दुरुस्ती कायदा १० जानेवारी २०२०ला लागू झाला, नियम आले ११ मार्च २०२४ला. मधली चार वर्षं गृहमंत्रालय पुन:पुन्हा मुदतवाढ मागत राहिलं. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याला राष्ट्रपतींची संमती ऑगस्ट २०२३मध्ये मिळाली, नियम नोव्हेंबर २०२५मध्ये आले. तोवर तो कायदा शोभेचाच होता. नियम न करणं हासुद्धा सरकारच्या हातातला मोठा अधिकार आहे आणि त्यावर बहुतेक देशांत लगाम नाही.

ही पद्धत आपण ब्रिटनकडून घेतली. तिथे तरी ती चालते का?

१९४६च्या कायद्याने तिथे दोन मुख्य वाटा आहेत. पहिली आपल्यासारखी: नियम मांडला, चाळीस दिवसांत कुणी रद्द केला नाही तर पक्का. बहुसंख्य नियम याच वाटेने जातात. दुसऱ्या वाटेत सभागृहाची स्पष्ट मंजुरी लागते. नियमात दुरुस्ती मात्र सहसा करता येत नाही, घ्या नाहीतर फेटाळा. कागदावर आपल्या संसदेचा अधिकार ब्रिटिश संसदेपेक्षा मोठा आहे, कारण आपल्याकडे फेरबदलाची सोय आहे.

हाऊस ऑफ कॉमन्सने एखादा नियम रद्द करण्याचा शेवटचा प्रसंग २४ ऑक्टोबर १९७९चा, आणि तो होता रॉकेलच्या कमाल किरकोळ किमतीबद्दलचा. त्यानंतर हजारो नियम आले आणि गेले. मंजुरीच्या वाटेने येणाऱ्या नियमांवर छोट्या समितीत जास्तीत जास्त दीड तास चर्चा असते, आणि पुष्कळदा काही मिनिटांत आटोपते.

दम आहे तो वरच्या सभागृहात, म्हणजे हाऊस ऑफ लॉर्ड्समध्ये. तिथे सरकारचं हुकमी बहुमत नसतं आणि नियम चाळणाऱ्या समित्याही तगड्या आहेत. २६ ऑक्टोबर २०१५ला लॉर्ड्सनी करसवलतींमध्ये कपात करणारे नियम अडवून धरले. महिनाभरात अर्थमंत्र्यांनी ती कपात सोडून दिली. पण राग असा की लॉर्ड्सचा हा अधिकार कसा छाटता येईल ते पाहायला लगेच एक आढावा नेमला गेला. २०२१च्या नोव्हेंबरमध्ये लॉर्ड्सच्या दोन समित्यांनी एकाच दिवशी अहवाल काढून सांगितलं की महत्त्वाचं धोरण कायद्यातून उचलून नियमांत ढकलण्याची खोड वाढली आहे.

‘आठव्या हेन्रीचं कलम’ ही काय भानगड आहे?

ज्या कलमाने मंत्र्याला नुसत्या नियमाने खुद्द कायद्याचा मजकूर बदलता येतो, त्याला हे नाव आहे. राजाच्या घोषणेला कायद्याचं बळ देणारा १५३९चा कायदा आठव्या हेन्रीचा. हेन्री गेल्यावर १५४७ मध्ये तो कायदा रद्दही झाला, नाव तेवढं राहिलं.

ताजं उदाहरण २०२३चं. निदर्शनांवर पोलिसांनी बंधनं घालण्यासाठी ‘गंभीर व्यत्यय’ किती गंभीर हवा, ही व्याख्या सैल करण्याचा प्रस्ताव लॉर्ड्सनी विधेयकातून काढून टाकला. गृहमंत्री सुएला ब्रेव्हरमन यांनी तोच बदल काही महिन्यांत नियमाने आणला. ‘किरकोळापेक्षा जास्त’ एवढा व्यत्ययही त्यात बसू लागला. जून २०२३मध्ये लॉर्ड्समधला तो फेटाळण्याचा प्रस्ताव पडला. मे २०२४मध्ये उच्च न्यायालयाने नियम बेकायदा ठरवला आणि मे २०२५मध्ये अपील न्यायालयाने ते कायम केलं. पुढच्या दाराने परत पाठवलेला पाहुणा मागच्या दाराने आत येऊन बसला होता.

सगळ्यांत कडक पद्धत कुठली?

माझं मत ऑस्ट्रेलियाला, आणि कारण तेच घड्याळ. नियम नोंदवल्यावर सहा बैठक-दिवसांत (सभागृह प्रत्यक्ष बसतं तेवढेच दिवस मोजायचे) दोन्ही सभागृहांपुढे ठेवावा लागतो. न ठेवल्यास तो आपोआप मरतो. इथे ॲटलस सायकलसारखी सवलत नाही. पुढच्या पंधरा बैठक-दिवसांत कुठल्याही सभागृहातला एकच सदस्य रद्द करण्याच्या प्रस्तावाची सूचना देऊ शकतो. ती दिल्यावर आणखी पंधरा बैठक-दिवसांत सभागृहाने तिचा निकाल लावला नाही, तर नियम रद्द झाला असं समजलं जातं.

उलटा हिशेब लक्षात घ्या. इथे सरकारला चर्चा टाळून चालत नाही. टाळली की नियम गेला. शिवाय एकच सभागृह पुरेसं आहे, आणि सेनेटमध्ये, म्हणजे वरच्या सभागृहात, सरकारचं बहुमत बहुधा नसतं. रद्द झालेला नियम तोंडवळा बदलून सहा महिन्यांच्या आत पुन्हा आणता येत नाही. हे शहाणपण अनुभवातून आलं: १९३१ मध्ये स्कलिन सरकार गोदी कामगारांबाबतचे नियम काढायचं, सेनेट ते रद्द करायचं, सरकार पुन्हा काढायचं, असा पाठशिवणीचा खेळ चालला होता.

पुढच्याच वर्षी, १९३२ला, सेनेटने नियम तपासणारी समिती नेमली. तिची युक्ती पाहण्यासारखी आहे. एखाद्या नियमात खोट दिसली की समिती मंत्र्याला पत्र लिहिते आणि मुदत संपायच्या आत रद्द करण्याच्या प्रस्तावाची सूचना देऊन ठेवते. मंत्र्याने समाधानकारक उत्तर दिलं किंवा दुरुस्तीचं लेखी वचन दिलं, की सूचना मागे. बहुतेक वेळा तलवार म्यानातून काढावीच लागत नाही. काढली तेव्हा मात्र जोरात: डिसेंबर २०१३मध्ये निर्वासितांच्या तात्पुरत्या व्हिसाचे नियम आणि नोव्हेंबर २०१४मध्ये आर्थिक सल्लागारांबाबतचे नियम सेनेटने उडवले. यापलीकडे, बहुतेक नियम दहा वर्षांनी आपोआप संपतात. हवा असेल तर नव्याने करा आणि पुन्हा सभागृहापुढे या. आपल्याकडे विसाव्या शतकाच्या सुरुवातीचे नियम अजून निवांत चालू असतात.

मग मे २०२१मध्ये भारतातून परतणाऱ्यांवरची बंदी कशी टिकली?

मेलबर्न-सिडनीतल्या मराठी घरांमध्ये हा प्रश्न अजून निघतो, आणि तो बरोबर वर्मावर बोट ठेवतो. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत ३० एप्रिल २०२१च्या रात्री आरोग्यमंत्री ग्रेग हंट यांनी जैवसुरक्षा कायद्याखाली आदेश काढला. मागच्या चौदा दिवसांत भारतात असलेल्या कुणालाही, ऑस्ट्रेलियाचा नागरिक असला तरी, ३ मेपासून ऑस्ट्रेलियात पाऊल ठेवणं गुन्हा. त्या कायद्याखालची शिक्षा पाच वर्षांपर्यंत कैद किंवा ६६,६०० डॉलरपर्यंत दंड. आजारी आई-वडिलांना भेटायला आलेले लोक इथेच अडकले. बंदी १५ मेला संपली. तिला दिलेलं आव्हान त्याआधीच, १० मेला, फेडरल न्यायालयाने फेटाळलं होतं.

एवढी कडक पद्धत असताना सेनेटने तो आदेश रद्द का नाही केला? कारण करताच येत नव्हता. २०१५च्या त्या जैवसुरक्षा कायद्यातच लिहून ठेवलं होतं की असे आणीबाणीचे आदेश सभागृहाला रद्द करता येणार नाहीत. सगळं घड्याळ, सगळे पंधरा-पंधरा दिवस, एका कलमाने बाजूला. सेनेटच्या समितीने अशा सवलतींची चौकशी आधीच सुरू केली होती आणि १६ जून २०२१ला सेनेटने ठराव केला की अपवादात्मक परिस्थिती सोडून उपविधान संसदेच्या देखरेखीखालीच असावं. सूट मिळालेले आदेशही आता समिती तपासते. रद्द करण्याचा अधिकार मात्र त्याने परत आला नाही.

अमेरिकेत काँग्रेस नियम रद्द करू शकते का?

करू शकते, पण तिला नवा कायदाच करावा लागतो. पूर्वी एका सभागृहाच्या ठरावाने प्रशासनाचा निर्णय उलटवता येई. तो अधिकार गेला एका भारतीय वंशाच्या माणसामुळे. केनियात जन्मलेले जगदीश राय चढ्ढा ओहायोत शिकायला आले, व्हिसा संपला, त्यांची हकालपट्टी प्रशासनाने थांबवली आणि १९७५ मध्ये प्रतिनिधिगृहाने ती सवलत रद्द केली. चढ्ढा लढले. १९८३ला सर्वोच्च न्यायालय म्हणालं की दोन्ही सभागृहं आणि राष्ट्राध्यक्षांची सही याशिवाय असा निर्णय होऊ शकत नाही. एका फटक्यात जवळपास दोनशे तरतुदी धोक्यात आल्या.

१९९६चा नवा कायदा त्यावरचा तोडगा. दोन्ही सभागृहांचा ठराव, वर राष्ट्राध्यक्षांची सही. आपल्याच प्रशासनाचा नियम रद्द करायला राष्ट्राध्यक्ष सही कशाला करतील? म्हणून हे हत्यार चालतं ते सत्ताबदलानंतर, आधीच्या सरकारच्या शेवटच्या महिन्यांतल्या नियमांवर. २०१७पूर्वी ते एकदाच, २००१ला, यशस्वी झालं होतं. २०१७ मध्ये पंधरा नियम गेले.

जर्मनीत वेगळं काही आहे?

तिथे भर आधीच्या टप्प्यावर आहे. १९४९च्या मूलभूत कायद्याच्या, म्हणजे तिथल्या राज्यघटनेच्या, अनुच्छेद ८०नुसार, सोपवलेल्या अधिकाराचा आशय, हेतू आणि व्याप्ती मूळ कायद्यातच लिहावी लागते. ‘तपशील सरकार ठरवेल’ असं मोघम लिहिलं तर ते कलमच घटनाबाह्य. २४ मार्च १९३३च्या ज्या कायद्याने हिटलर सरकारला संसदेविना कायदे करायची मुभा मिळाली, त्याची आठवण या अनुच्छेदामागे आहे.

न्यूझीलंड, कॅनडा आणि युरोपीय संघ?

थोडक्यात. न्यूझीलंडची समिती १९८५ची, अध्यक्ष संकेताने विरोधी पक्षाचा असतो. समितीच्या सदस्याने दिलेल्या प्रस्तावाचा एकवीस बैठक-दिवसांत निकाल लागला नाही तर नियम रद्द, म्हणजे घड्याळ ऑस्ट्रेलियाच्याच बाजूचं. कॅनडात दोन्ही सभागृहांची संयुक्त समिती आहे. युरोपीय संसदेला आयोगाचा (संघाच्या कार्यकारी मंडळाचा) नियम अडवायला एकूण सदस्यसंख्येचं बहुमत लागतं. जुलै २०२२मध्ये गॅस आणि अणुऊर्जेला ‘हरित’ गुंतवणुकीत बसवणाऱ्या नियमाविरुद्ध ३५३ मतं हवी होती, पडली २७८.

नोटाबंदी संसदेपुढे आली होती का?

८ नोव्हेंबर २०१६ची ती अधिसूचना रिझर्व्ह बँक कायद्याच्या कलम २६(२) खालची. चलनातल्या ८६ टक्क्यांहून अधिक किमतीच्या नोटा तिने बाद केल्या, आणि अशी अधिसूचना पटलावर ठेवून मंजूर करून घेण्याची तरतूद त्या कलमात नाही. २ जानेवारी २०२३ला सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मताने ती वैध ठरवली. न्या. नागरत्ना यांचं विरोधी मत असं की प्रस्ताव सरकारकडून आला असेल तर वाट कायद्याची किंवा अध्यादेशाची हवी होती. मला ते मत पटतं.

मी साधा नागरिक आहे. मला यात काही करता येतं का?

येतं, पण नियम पक्का होण्याआधी. पुष्कळ कायद्यांत मसुदा आधी प्रसिद्ध करून ‘हरकती व सूचना’ मागवण्याची अट असते. १८९७च्या साधारण वाक्यखंड कायद्याच्या कलम २३नुसार आलेल्या हरकतींचा विचार करणं मग सरकारवर बंधनकारक आहे. केंद्राच्या २०१४च्या धोरणानुसार मसुदा किमान तीस दिवस लोकांपुढे असावा. पाळतात की नाही ही वेगळी गोष्ट.

हरकत लिहिताना ‘हा नियम अन्यायकारक आहे’ एवढंच लिहू नका. नियमाचा क्रमांक द्या, मूळ कायद्याचं कोणतं कलम तो अधिकार देतं ते शोधा, आणि नियम त्या कलमाबाहेर कुठे जातो ते दोन ओळींत मांडा. कायद्यात नसलेली फी, कायद्यात नसलेली शिक्षा, मागची तारीख, या तीन गोष्टी आधी तपासा. तेच पत्र, तसंच्या तसं, आपल्या आमदाराला किंवा खासदाराला आणि उपविधान समितीच्या सचिवालयाला पाठवा. मुदत संपायच्या आदल्या दिवशी नको, आणि पोच घ्यायला विसरू नका.